फांद्यांचा बाक, बालाघाटच्या पावसात टिकणारा

अंगणात किंवा बाडीत बसायला फांद्यांचा बाक करायचा असेल, तर आधी मोबाईलवरची छायाचित्रं बाजूला ठेवा. सालीसकट काठ्या, वेडीवाकडी पाठ, खाली पडलेली पिवळी पानं, असं सगळं देखणं असतं. पण ते बाक बहुतेक थंड मुलखातले. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ॲडिरॉन्डॅक नावाचे डोंगर आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पैसेवाल्यांनी तिथल्या जंगलात सुटीतली घरं बांधली आणि कारागिरांनी त्यांच्यासाठी न सोललेल्या फांद्यांचं सामान घडवलं. ती धाटणी पुढे जगभर गेली. कडक हिवाळ्यात तोडलेल्या फांदीची साल लाकडाला घट्ट धरून राहते, म्हणून तिथे ते जमतं. आपल्याकडे चार महिन्यांत दीड हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. साल सुटते, तिच्या आत पाणी मुरतं, किड्यांना आयतं घर मिळतं आणि दुसऱ्या पावसाळ्याअखेर बाकाखाली पिठासारखा भुसा पडू लागतो. तेव्हा बालाघाटात फांदी सोलायची, तीही तोडल्याबरोबर. ज्यांना सालीशिवाय बाक रानटी वाटत नाही, त्यांनी तो छपरीत ठेवावा आणि फार दिवसांची आशा धरू नये.

खरं तर फांद्यांचं उघड्यावरचं सामान आपल्याला नवं नाही. धानाच्या बांधीत रानडुकरांपासून राखण करायला उभा केलेला मचाण नीट पाहा. खांब बेचक्याचे निवडलेले असतात, म्हणजे आडवी बल्ली बेचक्यात बसते आणि वजन दोरीवर न येता लाकडावर येतं. बांधायला माहुलीच्या सालीचा किंवा अंबाडीचा दोर. खिळा शोधून सापडत नाही. मात्र मचाण एका हंगामाचा असतो, मोडला तर चुलीत जातो. बाकाकडून आपण चार-पाच वर्षांची अपेक्षा करतो, म्हणून रचना मचाणाकडून शिकावी, पण लाकडाची तयारी त्याहून बरीच जास्त करावी.

लाकूड कुठून आणायचं, हा पहिला प्रश्न. कान्हाच्या हद्दीतून वाळकी काटकीही उचलायची नाही. राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. राखीव आणि संरक्षित जंगलातून गावकऱ्यांना निस्ताराखाली बांबू, बल्ल्या, जळाऊ लाकूड मिळतं, ते घरच्या वापरासाठी. त्यातून बाक करून विकायला काढले तर तो निस्तार राहत नाही. स्वतःच्या शेतातला सागवान किंवा बिजा असला तरी कुऱ्हाड उचलण्याआधी वन परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या, कारण कुठल्या जातीला तोडीची किंवा वाहतुकीची परवानगी लागते याचे नियम बदलत असतात. बांबूचं थोडं सोपं झालं आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये बांबूची गणना झाडात होत होती. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून निघाला.

तरीही माझं म्हणणं असं की या कामासाठी जंगलाकडे पाहायची गरजच कमी पडते. धुऱ्यावरच्या बाभळी दर दोन-तीन वर्षांनी छाटाव्या लागतात, नाहीतर त्यांची सावली धानावर पडते. कडुनिंब विजेच्या तारेला भिडतो, मग त्याच्या फांद्या उतरवाव्याच लागतात. बोडीच्या पाळीवर नको ते वाढलेलं असतं. आणि घाणेरी, जिला इकडे सगळे रायमुनिया म्हणतात, ती तर कुणी नेली तर लोक दुवाच देतील. तिच्याबद्दल पुढे बोलतो.

जातींची निवड करताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सागाची फांदी म्हणजे सागाची फळी नव्हे. फळी निघते ती जुन्या खोडाच्या गाभ्यातून, आणि टिकतो तो गाभाच. मनगटाएवढ्या फांदीत गाभा नावापुरता असतो, बाकी सगळं पांढरं कच्चं लाकूड. त्यात पिठूळ अंश असतो आणि घुण त्याच्यासाठीच येतो. बाभूळ, साजा, धावडा, कडुनिंब या सगळ्यांना हे लागू आहे. म्हणून ‘साहेब, सागवानी आहे’ असं सांगून कुणी फांद्यांची खुर्ची दुप्पट भावाने विकत असेल तर हसून पुढे जावं. पायांना बाभूळ किंवा साजा, आडव्या काठ्यांना धावडा किंवा तेंदू, बैठकीला निर्गुडीपेक्षा जाड आणि सरळ जे मिळेल ते. पळस, सालई, शेवगा आणि बोडीकाठची बेशरम यांना हात लावू नका. ती लाकडं मऊ असतात किंवा पोकळ. सुबाभूळ सहज मिळते, सरळ असते, पण घुणाला ती फार आवडते. औषध न देता सुबाभूळ वापरायचीच नाही.

तोडायची वेळ दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. पाऊस संपलेला असतो, वाढ मंदावलेली असते, आणि पुढे वाळायला कोरडा हिवाळा नि उन्हाळा मिळतो. बांबूही याच दिवसांत काढावा, तीन वर्षांवरचा. पावसाळ्यात तर तोडूच नये, कारण तेव्हा बेटातून नवे कोंब येत असतात. बांबू तीन-चार आठवडे बोडीच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. वास सुटतो, रंग काळपट होतो, पण त्यातला पिठूळ अंश बराचसा निघून जातो. घरात वास नको असेल तर काम गावाबाहेर करा, रीत सोडू नका.

फांदी तोडली की त्याच दिवशी सोला. ताजी साल कोयत्याने किंवा जुन्या कानशीला धार लावून सहज निघते. आठवडा गेला की तीच साल रक्त काढते. सोलून झालं की ओली असतानाच औषध द्यायचं, कारण ओल्या लाकडात ते आपोआप आत शिरतं, वाळलेल्यात वरच राहतं. वीस लिटर गरम पाण्यात सहाशे ग्रॅम बोरॅक्स आणि चारशे ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. एवढ्या लांब काठ्या बुडवायला हौद कुठून आणायचा? चार इंची पीव्हीसी पाइपाच्या एका तोंडाला टोपण बसवा, पाइप भिंतीला टेकवून उभा बांधा आणि काठ्या त्यात सोडा. मनगटाएवढ्या काठ्या आठवडाभर राहू द्या. उरलेलं पाणी बोडीत किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नका. बोरॉन जास्त झालं की पिकं करपतात. मुलांना आणि गुरांना त्यापासून लांब ठेवा, हातात मोजे घाला.

मग वाळवण. सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, विटांवर किंवा दगडांवर, मध्ये हवा खेळेल अशी रचून. काठ्यांच्या दोन्ही टोकांना जुना तैलरंग फासा, नाहीतर टोकाकडून पाणी भरभर उडतं आणि लाकूड तडकतं. उन्हात वाळवायची घाई करणाऱ्याच्या काठ्या होळीपर्यंत तडकून उकललेल्या असतात. डिसेंबरात तोडलेली चार-सहा सेंटिमीटर जाडीची सोललेली फांदी मार्च-एप्रिलपर्यंत कामाला येते. म्हणजे बाक बांधायचा चैत्र-वैशाखात आणि तेलपाणी आटोपायचं मृग लागण्याआधी.

आता मापं. दोन माणसांच्या बाकाला रुंदी ११० सेंटिमीटर पुरते. बैठकीची उंची पुढून ४३ आणि मागून ४०, म्हणजे बसणारा आपोआप मागे टेकतो. खोली ४२. मागचे दोन खांब ९० सेंटिमीटरचे, पुढचे दोन ६५ चे, त्यांच्यावर हात टेकायची काठी. खांब सहा सेंटिमीटर जाड असावेत. मागच्या खांबांना थोडा बाक हवा, आणि दोघांचा बाक सारखा हवा. अशी जोडी शोधण्यातच या कामाचा निम्मा वेळ जातो, आणि जाऊ द्यावा. दोन्ही एकाच बाभळीच्या एकाच बाजूच्या फांद्यांमध्ये पाहा. वारा आणि ऊन सारखं मिळालेल्या फांद्या सारख्या वळतात. जोडी मिळालीच नाही, तर सरळ खांब घेऊन ते तिरके बसवणं बरं. एक वाकडा नि एक सरळ अशा पाठीला टेकून कुणालाच सुख होत नाही.

छपरीच्या फरशीवर खडूने बाकाची बाजू पूर्ण मापात काढा आणि काठ्या त्या रेघांवर मांडून पाहा. फांदीला कड नसते, म्हणून इथे गुण्या फारसा उपयोगी नाही. चौकट काटकोनात आहे की नाही हे कर्णांवरून ओळखायचं: दोन्ही कर्णांना दोरी लावा, दोरी सारखी भरली तर चौकट सरळ. आधी डावी आणि उजवी अशा दोन बाजू पूर्ण करायच्या, मग त्या लांब आडव्या काठ्यांनी जोडायच्या. उलट्या क्रमाने गेलात तर शेवटची काठी बसवताना तीन माणसं लागतील.

सांधा हा या कामाचा जीव आहे. खिळे ठोकून केलेला फांद्यांचा बाक पहिल्या वर्षीच डुलू लागतो, कारण लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं आणि खिळा मात्र आहे तेवढाच राहतो. खांबात २५ मिलिमीटरचं गोल भोक पाडा, गिरमिटाने किंवा ड्रिलने, चार सेंटिमीटर खोल. आडव्या काठीचं टोक चाकूने आणि कानशीने त्याच मापाचं गोल कुसू करा. कुसू भोकात हाताने जाऊ नये, लाकडी मोगरीच्या ठोक्यानेच जावं. एकाच खांबात दोन बाजूंनी काठ्या येतात, त्या एकाच उंचीवर आणू नका. भोकं आत एकमेकांना मिळतात आणि खांब तिथेच मोडतो. तीन-चार सेंटिमीटर वरखाली ठेवा.

जुने खुर्ची-कारागीर आणखी एक करामत करतात. खांब किंचित ओलसर ठेवायचा आणि कुसू अगदी कोरडं. त्यासाठी कढईत वाळू तापवा, भडभुंजा मुरमुऱ्यांसाठी तापवतो तशी, पण हात लावता येईल इतकीच, आणि काठ्यांची टोकं त्यात काही तास खुपसून ठेवा. कुसू आकसतं. ते भोकात गेलं की हवेतला आणि खांबातला ओलावा घेऊन फुगतं, इकडे खांब वाळता वाळता त्याच्याभोवती आवळतो. हा सांधा पुढे ओढून निघत नाही. वर खबरदारी म्हणून सांध्यातून सहा मिलिमीटरचं भोक पाडून बांबूची मेख ठोका. मेख बांबूच्या बाहेरच्या कडक भागाची हवी. कुसू खांबाच्या आरपार नेलं असेल तर त्याच्या टोकात पाचर मारता येते, पण पाचर खांबाच्या रेषांना आडवी मारा; रेषांच्या दिशेने मारली तर खांब उभा चिरतो. पाण्याने न सुटणारा गोंद सांध्यात लावायला हरकत नाही. बैठकीच्या काठ्यांना मात्र तो नको. त्या कधीतरी बदलाव्या लागणार आहेत.

चौकट उभी राहिली तरी ती अजून बाजूला झुकू शकते. तिला तिरका आधार हवा आणि तो फांद्यांतच फुकट मिळतो. कोपरासारखी वळलेली किंवा बेचक्याची फांदी शोधा आणि खांब नि आडवी काठी यांच्या कोनात खालून बसवा. पाठीच्या चौकटीत दोन वाकड्या फांद्या एकमेकींना छेदून गेल्या तर शोभाही होते आणि बळही येतं. वेडेवाकडेपणाची हौस अशा ठिकाणी भागवावी. बैठकीत ती भागवू नये.

बैठकीच्या काठ्या लांबीला न घालता पुढून मागे घाला. ४२ सेंटिमीटरच्या काठीला झोल येत नाही, ११० च्या काठीला येतो. अडीच सेंटिमीटर जाडी, दोन काठ्यांत करंगळीएवढी फट, म्हणजे पाणी आणि पाला खाली जातो. सगळ्यात पुढची आडवी काठी जाड आणि वरून गोल घासलेली हवी, नाहीतर मांडीला रुतते. खाटेसारखी दोरीची बैठक विणायची असेल तर अवश्य विणा, पण अंबाडीचा दोर पावसात कुजतो. तो बाक पावसाळ्यात छपरीत आणावाच लागेल.

आता पाय. चारही खांब मोजून सारखे कापले तरी बाक डगमगतोच. म्हणून आधी थोडे लांबच ठेवा. बाक सपाट फरशीवर उभा करा, आखूड पायाखाली पाचरी सारून बैठक हवी तशी आणा, मग लाकडाच्या एका छोट्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून ती प्रत्येक पायाभोवती फिरवा. चारही पायांवर एकाच उंचीची रेघ उमटते. त्या रेघेवर कापा. आणि पायांची टोकं जमिनीत पुरू नका. लाकडाचं उभं टोक जमिनीतलं पाणी वर ओढतं, शिवाय वाळवी खालूनच चढते. प्रत्येक पायाखाली चपटा दगड ठेवा, वैनगंगेच्या पात्राजवळ राहणाऱ्यांना तो विकत घ्यावा लागत नाही. टोकाला आत मुरेल तितकं तेल पाजा, एका वेळी नव्हे, दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा.

रायमुनियाचं काम वेगळं आहे. ही बाई मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं कुंपण म्हणून भारतात आली आणि आता जंगलात खालची सगळी जागा अडवून बसते. गवत उगवू देत नाही, गुरांनी पानं खाल्ली तर त्यांना विषबाधा होते. कर्नाटकातल्या मले महादेश्वर डोंगरात ‘अत्री’ या संस्थेने २००४ पासून सोलिग आणि इतर आदिवासी कारागिरांबरोबर हिच्याच काठ्यांचं वेतासारखं सामान करायला सुरुवात केली. नीलगिरीकडच्या कारागिरांनी हिच्यापासून केलेले पूर्ण आकाराचे हत्ती २०२१ मध्ये लंडनच्या बागांमध्ये मांडले गेले होते. बैहरपासून लांजीपर्यंत तिचा तुटवडा नाही, आणि शेतात, पडीकात, कुंपणाला जी आहे तिला हात लावायला कुणाची आडकाठी नाही. जंगल विभागाच्या जमिनीवरची हवी असेल तर गावच्या वन समितीमार्फत विचारा.

काढताना फुलं-फळं नसलेली झुडपं घ्या. पिकलेली फळं गाडीतून नेलीत तर वाटेत तिचीच पेरणी कराल. नुसती वरून कापली तर ती दुप्पट फुटते. म्हणून मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचं आणि झुडूप उलटं करून वाळू द्यायचं. खोड काटेरी असतं, त्यामुळे जाड मोजे हवेतच. मग काठ्या लोखंडी ड्रमात पाणी घालून तास-दीड तास उकळा. साल हाताने निघून येते आणि काठी गरम असेपर्यंत हवी तशी वळते. पाटीवर खिळे ठोकून आधीच आकार तयार ठेवा, काठी त्यांत अडकवून बांधा आणि दोन दिवस तशीच सोडा. पाठीतली जाळी, हाताच्या कडांची वळणं, वेल चढवायची कमान यांना ती उत्तम. खांबांना नाही, त्याला लागणारी जाडी सरळ मिळत नाही. तिला जोडायला बारीक खिळे चालतात, पण आधी भोक पाडून. आणि खिळा बाभळीत किंवा साजात जाणार असेल तर गंज न लागणारा घ्या. त्या लाकडांतलं टॅनिन लोखंडाला लागलं की काळे ओघळ येतात आणि ते घासून जात नाहीत.

शेवटचा हात तेलाचा. धानाच्या बांधीत उतेरा म्हणून जवस पेरणारा हा मुलूख, तेव्हा तेल घरचंच असू शकतं. घाणीचं कच्चं जवसाचं तेल वाळायला बरेच दिवस घेतं. रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड लवकर वाळतं. पहिला हात टर्पेंटाइन मिसळून पातळ, पुढचे दोन नुसत्या तेलाचे. प्रत्येक वेळी वीस मिनिटांनी वर उरलेलं तेल फडक्याने पुसून घ्या, नाहीतर चिकट थर बसतो आणि त्यात धूळ जमते. ही फडकी चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. चकचकीत वॉर्निश लावू नये असं मी म्हणेन. उन्हाने त्याला तडे जातात, तड्यांतून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. तेलावर श्रावणात काळे ठिपके येतील, ती बुरशी. दिवाळीनंतर ताठ ब्रशने घासून पुन्हा एक हात दिला की झालं.

हे सगळं स्वतः करायला वेळ नसेल, तर गावातल्या सुताराकडे आणि बांबूचं काम करणाऱ्या बसोडाकडे मिळून काम द्या. खांब-कुसू सुताराचं, पाठीची जाळी आणि वळणं बसोडाची. रंधा मारलेल्या चौकोनी लाकडाची सवय असलेला सुतार फांदी पाहून नाक मुरडतो, त्याला मापं आणि खडूची आकृती तयार करूनच दाखवावी. लाकूड सोलून, औषध देऊन, वाळवून मात्र तुम्हीच ठेवा. तेवढे महिने कुठलाच कारागीर तुमच्यासाठी थांबणार नाही.

दर वर्षी दिवाळीनंतर बाक उलटा करून पायांची टोकं पेचकसाने टोचून पाहा. पेचकस सहज आत गेला तर तेवढा भाग कापून टाका आणि खाली जाड दगड घ्या. कुठे ताजा पिठासारखा भुसा दिसला तर तिथलं बारीक भोक शोधून सिरिंजने बोरॅक्सचं पाणी आत सोडा, दोन दिवसांनी पुन्हा. भुसा तरीही पडतच राहिला तर ती काठी काढा, जाळा आणि नवी बसवा.